पाच जणांचा बँड, तिसरा माळा, एक कूलर आणि मे महिना

जुना_धरमपेठी

काल दुपारी लाइट गेली. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलर बंद, मुलगा फरशीवर ओला टॉवेल पसरून पडलेला. वेळ जावा म्हणून त्याला विचारलं, जगातले कोणतेही पाच जण घेऊन रॉक बँड काढायचा तर कोण घेशील? त्याने अर्ध्या मिनिटात हेंड्रिक्स, फ्रेडी मर्क्युरी, बॉनहॅम, फ्ली आणि जॉन लॉर्ड अशी यादी फेकली आणि कूस बदलून झोपला. मी मात्र रात्रीपर्यंत त्यातच अडकून राहिलो.

कारण मी अशा एका बँडमध्ये होतो. म्हणजे एवढ्या थोरांच्या नाही, चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या कॉलेजच्या. मी बेस वाजवायचो. नागपूरच्या धरमपेठेत मित्राच्या घरी, तिसऱ्या माळ्यावर, दहा बाय बाराची खोली. तो बँड मे महिन्यात मोडला आणि भांडणाचा विषय होता कूलरसमोर कोण बसणार. खोटं नाही सांगत.

तर नियम असे. पाच जण, हयात असोत वा नसोत. एका बँडमधून एकच उचलायचा. आणि सगळ्यांनी मे महिनाभर रोज तीन तास त्याच खोलीत प्रॅक्टिस करायची. कूलर एकच. आता सांगा.

माझी अर्धवट यादी: गिटारवर बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, ड्रम्सवर रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स, बेसवर क्वीनचा जॉन डीकन. गायक आणि कीबोर्डवाला सापडत नाहीये.

तर्री_पोहे

भाऊ, कूलरात पाणी कोण भरन ते आधी सांगा. बँड मंग पाहू.

लोखंडी_कान

धागा भारी आहे, पण यादी वाचून झोप आली काका. चार्ली वॉट्स? सूट घालून ड्रम्स वाजवणारा माणूस तुम्ही नागपूरच्या मे महिन्यात बसवणार?

माझी यादी: गिटार ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, बेस क्लिफ बर्टन, ड्रम्स जॉन बॉनहॅम, कीबोर्ड जॉन लॉर्ड, गायक रॉनी जेम्स डिओ. विषय संपला.

आयोमीवर वाद घालायचाच नाही. १९६५ साल, हा सतरा वर्षांचा पोरगा, बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात. नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत भाजल्यामुळे जँगोची दोनच बोटं धड चालायची, तरी तो तसा वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामड्याचे तुकडे चिकटवले आणि गिटारला हलक्या तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या अल्बममध्ये ट्यूनिंगच तीन पट्ट्या खाली उतरवलं, सैल तार दाबायला सोपी जाते म्हणून. त्या ढिल्या तारांतून जो जडशीळ आवाज निघाला त्यावर अख्खं हेवी मेटल उभं आहे. अशा माणसाला कूलरचं काय कौतुक?

आणि उन्हाचं मला सांगू नका. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन हे मेटलवाले बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा मी संघमित्रा एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दाराशी उकिडवा बसून गेलो होतो. परत आल्यावर चार दिवस मान वळत नव्हती. आईने शेक दिला आणि रोज विचारलं, पैसे देऊन मान मोडायला गेला होतास का.

पुणेकर_पाहुणा

क्वीनच्या फ्रेडीशिवाय यादी बनूच कशी शकते? शिवाय तो आपल्याच भागातला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, बाराव्या वर्षी तिथेच द हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढला, पियानो वाजवायचा त्यात. तेव्हाचं नाव फारुख बलसारा. थोडक्यात, रॉकचा सर्वांत मोठा गायक पुण्याजवळ घडला.

तर्री_पोहे

पाचगणी सातारा जिल्ह्यात येते न भाऊ. का तेही घेतलं तुमी पुण्यात?

पुणेकर_पाहुणा

जवळ म्हटलंय. नीट वाचत चला. हलके घ्या.

इतवारीकर

माझा साउंड आणि मंडपाचा धंदा आहे, म्हणून थोडं कामाचं बोलतो.

एक. जॉन लॉर्ड कितीही ग्रेट असो, त्याचा हॅमंड ऑर्गन तिसऱ्या माळ्यावर चढत नाही. असा ऑर्गन बाक आणि पेडल धरून जवळपास दोनशे किलोचा. धरमपेठेतल्या जुन्या बिल्डिंगचे जिने मी पाहिले आहेत. तिथे दिवाण चढवायचा तर पाय उघडावे लागतात. माझी पोरं चार वळणांनंतर ऑर्गन तिथेच टेकवून चहा प्यायला निघून जातील.

दोन. अर्थिंग. हे कोणीच विचारत नाही. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते.

जुना_धरमपेठी

अर्थिंगचं नाव काढलंत आणि जुनी जखम उघडली. पंच्याण्णवच्या गॅदरिंगला आमचा गायक गिटारही वाजवायचा. पहिल्याच ओळीला ओठ माइकला लागले आणि गडी असा मागे उडाला की ड्रमच्या झांजा घेऊन खाली बसला. पब्लिकला वाटलं स्टाइल आहे. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर! त्याने बिचाऱ्याने पुढची तीन गाणी माइकला रुमाल गुंडाळून आणि टाचा उचलून म्हटली. वरचा ओठ दोन दिवस सुजलेला. त्याची आई समजली की पोरगा मारामारी करून आला.

इतवारीकर

तेच म्हणून राहिलो मी. गिटारचा अॅम्प एका बोर्डावर, माइकचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, त्यातल्या एकाची अर्थिंग तुटलेली. बोटं तारेवर, ओठ माइकवर, सर्किट पूर्ण. आम्ही मंडपात आधी लोखंडी सळई ठोकतो, तिच्या बुडाशी बादलीभर मिठाचं पाणी ओततो, मगच वायरी जोडतो. तिसऱ्या माळ्यावर सळई कुठे ठोकणार?

आणि अर्थिंग नसली की अॅम्प गुणगुणतो तो वेगळाच. ५० हर्ट्झ. बंदच होत नाही.

मृण्मयी_न

मी इथे फक्त वाचत बसणार होते, पण इतवारीकरांनी ५० हर्ट्झ म्हटलं आणि राहवलं नाही. मी गाणं शिकवते, रॉकमधलं मला फार कळत नाही. पण खालचा जी ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे तुमची ती गुणगुण पेटीच्या भाषेत जवळपास पांढरी पाच, अगदी खर्जातली. फुकटचा तंबोराच की! बँडला वेगळा सा द्यायची गरज नाही, वीज मंडळ देईल.

आता गंमत बघा. लोखंडी_कान म्हणतात तशी गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली तर मोकळी तार ई वरून सी शार्पवर येते. सी शार्प म्हणजे काळी एक. पांढरी पाच हा सा धरला तर काळी एक तिचा तीव्र मध्यम. खाली अखंड सा, वर तीव्र मध्यम आणि पंचमाचा पत्ता नाही. मारवा किंवा पूरिया ऐकताना संध्याकाळी जे पोटात कालवतं ते हेच.

लोखंडी_कान

ताई, थांबा थांबा. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात ऐका. पाऊस, घंटा आणि मग आयोमीचे तीनच सूर: जी, वरचा जी, आणि सी शार्प. तुम्ही म्हणता तेच झालं ना हे? मी वीस वर्षं ऐकतोय, अंगावर काटा येतो, का येतो ते आज कळलं.

मृण्मयी_न

ऐकलं. खरंच तेच आहे. ओट्याशी उभी राहून ऐकत होते, सासूबाई आतून म्हणाल्या कोण वारलं. 🙂

तुमचा आयोमी आला तर मी तानपुरा बंद करून ऐकेन. पण ड्रम्सचं माझं मत वेगळं आहे. त्रिलोक गुर्टू घ्या. शोभा गुर्टूंचा मुलगा, ठुमरीच्या घरात वाढलेला, आधी तबला, मग ड्रम्स, मग गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर जगभर. हा माणूस खाली गुडघ्यांवर बसून वाजवतो, तबला आणि झांजा एकाच मांडणीत. पाश्चात्त्य ड्रमरसारखं स्टूल लागत नाही, म्हणजे दहा बाय बारात जागाही कमी.

फक्त त्याला कूलरसमोर बसवू नका. ओलसर हवेत तबल्याची शाई-चाट सैल पडते आणि तबला उतरतो. कोरड्या उन्हात उलट, चढतो. गिटारच्या पोलादी तारा उन्हाने लांबतात आणि उतरतात. म्हणजे मे महिन्यात कूलर बंद असला की तबला वर, गिटार खाली. कूलर लावला की उलट, तबला खाली, गिटार वर. एकत्र कधीच नाहीत.

खवट_काका

इतका वेळ गप्प होतो. तुम्ही सगळे साहेबाच्या देशातली पोरं गोळा करत आहात. आमच्या आर. डी. बर्मनच्या ताफ्यात काय माणसं होती माहीत आहे? गिटारवर भूपिंदर, तोच गझला गाणारा. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. केर्सी लॉर्ड तर काहीही वाजवायचा, अॅकॉर्डियन, ग्लॉकेनस्पील, पुढे सिंथेसायझर. रेकॉर्डवरच्या पाकिटावर यांची नावंसुद्धा नसायची. तुमचे ते लेड झेपेलिनवाले पेज आणि प्लँट १९७२ साली मुंबईत येऊन इथल्याच वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेले, ते काय उगाच?

बाकी रॉक म्हणजे काय हे मला कळत नाही. आमच्या लहानपणी त्याला शेजाऱ्यांचा त्रास म्हणायचे.

इतवारीकर

काका, बाकी सोडा, केर्सी लॉर्ड माझ्याकडून पक्का. अॅकॉर्डियन खांद्याला लटकवून जिना चढता येतो. लाइट गेली तरी वाजतो. माझी पोरं तुमच्या पाया पडतील.

अनुस्वार

इतके प्रतिसाद झाले आणि एकाही बाईचं नाव नाही. पॉपकॉर्न संपले माझे.

सिस्टर रोझेटा थार्प. एल्व्हिस शाळेत होता तेव्हा ही बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर कडकडीत वाजवत होती. रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला घ्यायला २०१८ साल उजाडलं, आणि ती गेली १९७३ ला. टॉकिंग हेड्सची टीना वेमाउथ बेसवर. कॅरन कारपेंटरला तुम्ही सगळे गोड आवाजाची म्हणून ओळखता, ती स्वतःला आधी ड्रमर समजायची.

आणि गायक अडलाय म्हणता ना? उषा उत्थुप. कांजीवरम साडी, मोठी टिकली, गजरा, आणि नाइटक्लबमध्ये उभं राहून खर्जातला तो आवाज. आयोमी, हॅरिसन, कोणीही असू द्या, उषाताई खोलीत आल्यावर कूलरसमोरची खुर्ची कोणाची यावर चर्चा होणार नाही.

बेसवर माझं दुसरं मत इंडियन ओशन बँडचा राहुल राम. बेस वाजवतो, गातो, पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी आहे आणि नर्मदा आंदोलनात राहून आलाय. त्याला धरमपेठ म्हणजे थंड हवेचं ठिकाण वाटेल.

तर्री_पोहे

उषाताईले +१.

पण ड्रम्सचं मी सांगतो. बॉनहॅम, गुर्टू सगळे बाजूले ठेवा. आमच्या मोहल्ल्यात गणपतीले संदल येते, त्यातला तो ढोलवाला पोट्टा पाहा एकदा. चार तास चालते, वाजवते, मधात उसाचा रस पिते, अन् ठेका इकडचा तिकडं होत नाही. नाव नाई, गाव नाई. लोखंडी_कान भाऊ, तुमच्या मेटलच्या आधी आमच्याकडं काळी मारबत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नागपूरच्या महाल भागात. काळी देवी, आग, धूर, हजारो पोट्टे बोंबलून राह्यले, अन् ढोल. तिकीट नाई.

लोखंडी_कान

हे मात्र मान्य. माझं पहिलं मेटल कॉन्सर्ट म्हणजे बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली मारबतच.

पुणेकर_पाहुणा

धागा पार भलतीकडे जायच्या आत विचारतो. फ्रेडीचं काय झालं? धागाकर्त्याने उत्तरच दिलं नाही.

जुना_धरमपेठी

देतो. तीन दिवस टाळत होतो, कारण त्याच्यावरच सगळं अडलंय.

एका बँडमधून एकच. फ्रेडी घेतला तर डीकन जातो. तुम्ही म्हणाल, यात विचार कसला? १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीत फ्रेडीने वीसेक मिनिटांत अख्खं स्टेडियम बोटावर नाचवलं, आणि डीकन मागे उभा राहून पाय हलवत होता. बरोबर आहे. मी त्या पाय हलवणाऱ्याकडेच बघत होतो.

डीकन क्वीनमध्ये सगळ्यांत शेवटी आला, १९७१ मध्ये. त्याच्या आधी त्यांनी बेसवाले बदलून पाहिले होते. हा शांत. इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. आणि त्याने एकदा कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं एक सर्किट उचललं, ते पुस्तकांच्या कपाटात ठेवायच्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि छोटासा अॅम्प केला. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे, त्याने तो त्यांच्या रेकॉर्डिंगवर वर्षानुवर्षं वापरला. त्याच्या त्या गिटारच्या थरांमध्ये व्हायोलिन-क्लॅरिनेटसारखे जे आवाज येतात, त्यातले कितीतरी त्या खोक्यातले आहेत.

आता तो अॅम्प कशावर चालतो सांगू? नऊ व्होल्टच्या बॅटरीवर.

आमच्या खोलीत दुपारी दोन ते चार लाइट जायची. सगळे एकमेकांवर खेकसायचे. गायक बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. मी कूलरचं मागचं पॅनेल काढून बसायचो, कारण पंपात नेहमी ताटीचं गवत अडकलेलं असायचं, आणि लाइट आल्यावर तो चालला नाही तर परत भांडण. स्क्रू ड्रायव्हर नव्हता, गिटारच्या पिकनेच स्क्रू फिरवायचो. माझी दोन पिकं तशीच तुटली. कोणी कधी विचारलं नाही कूलर कोणी दुरुस्त केला. बेसवाल्याला कोण विचारतं?

तर माफ करा पुणेकर. मी डीकन ठेवतोय.

पुणेकर_पाहुणा

फ्रेडीला कूलरसाठी सोडला. लिहून ठेवतो. पुण्यात सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

तर्री_पोहे

पुण्यात कूलरच लागत नाई न भाऊ, तुमाले काय समजन ते दुःख.

लोखंडी_कान

पण काका, डीकन १९९७ नंतर घरीच आहे. स्टेजवर येत नाही. हयात असून येणार नाही असा माणूस घेताय.

जुना_धरमपेठी

स्टेजवर कुठे बोलावतोय? प्रॅक्टिसला बोलावतोय.

इतवारीकर

एक दुरुस्ती. त्या नऊ व्होल्टच्या खोक्यातून बेसचा खर्ज निघणार नाही, स्पीकर फार लहान. त्यावर हॅरिसनची गिटार लावा. डीकनला लाइट येईपर्यंत बसू द्या.

जुना_धरमपेठी

लाइट येईपर्यंत तो कूलर उघडून बसलेला असेल, काळजी नको.

बरं, यादी बदलली आहे. गिटार जॉर्ज हॅरिसनच. आयोमीवर प्रेम आहे, मृण्मयीताईंनी ते दुप्पट केलं, पण मला भांडण नकोय. १९८८ साली बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन या चौघांना एकत्र आणून याने ट्रॅव्हलिंग विल्बरीज काढला. डिलनच्या गॅरेजमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं आणि कोणी कोणाच्या नरड्याला लागलं नाही. क्रीम या बँडमध्ये तिघंच होते, १९६६ ला जमले आणि १९६८ ला मोडले. जिंजर बेकर आणि जॅक ब्रूस यांची तर स्टेजवरच मारामारी व्हायची. शिवाय हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकलेला, म्हणजे खाली मांडी घालून तीन तास बसायची सवय आहे. आमच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या.

अॅकॉर्डियनवर केर्सी लॉर्ड, खवट_काकांच्या आग्रहावरून. गायला उषा उत्थुप. बेस डीकन. ड्रम्सवर चार्लीला नारळ, सूट नको या उन्हात. त्रिलोक गुर्टू.

खवट_काका

लॉर्डला घेतलंत म्हणून बोलत नाही काही. दोन दिवस.

लोखंडी_कान

गिटार एका खोक्यावर, अॅकॉर्डियन, सतार, साडी. काका, हा रॉक बँड राहिला नाही, ही भिशी झाली.

अनुस्वार

भिशीला उषाताई येत असतील तर माझा नंबर आधी लावा.

मृण्मयी_न

तर्री_पोहे भाऊंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं, पाणी कोण भरणार. आत्ता गुर्टूंचा एक जुना कार्यक्रम बघत होते. ते वाजवताना शेजारी पाण्याची बादली ठेवतात. झांज वाजवून पाण्यात बुडवतात, सूर वाकत वाकत खाली जातो.

तर्री_पोहे

मंग झालं न! बादली त्याचीच, नळ बाथरूममधी. तीन तासानं एकदा कूलरात वतून टाकायची.

इतवारीकर

इलेक्ट्रिक गिटार, तुटकी अर्थिंग आणि खोलीच्या मधोमध पाण्याची बादली. मला या बँडचं काम नको.

जुना_धरमपेठी

मुलाला यादी दाखवली. म्हणाला, यातले तीन मला माहीत नाहीत, आणि बाबा, लाइट आली आहे, कूलर का चालत नाहीये?